लॅपटॉपची बॅग तेराशेची की सात हजारांची? कोल्हापुरातून रोज ये-जा करणाऱ्यांसाठी

माझ्या भाचीला जूनमध्ये इचलकरंजीत नोकरी लागली. त्याच रविवारी ती घरी आली आणि मोबाईलवरचे दोन फोटो पुढं धरले. "मामा, ही तेराशेची, ही सात हजारांची. लॅपटॉप दोन्हीत बसतोय. मग जादा पैसे कशाचे घेतात?"

मी दोन्ही प्रकारच्या बॅगा वापरल्यात. कोल्हापूर ते कागल पंचतारांकित एमआयडीसी हा माझा रोजचा दुचाकीचा रस्ता, जाऊन-येऊन ४० किलोमीटरच्या आसपास. अकराशे रुपयांच्या एका बॅगेचा पट्टा अकराव्या महिन्यात उजळाईवाडीजवळ मुळातून उसवला आणि भर वाहतुकीत लॅपटॉपसकट बॅग एका खांद्यावर लोंबायला लागली. त्यानंतर चिडून साडेसहा हजारांची घेतली. तिची शिलाई आजही जशीच्या तशी आहे. पण तिसऱ्या वर्षी मुख्य चेन रनरच्या (चेन ओढायच्या सरकत्या तुकड्याच्या) मागं उघडी पडायला लागली आणि चौथ्या पावसाळ्यानंतर आतलं कोटिंग चिकट होऊन पापुद्र्यासारखं सुटलं. चेन वॉरंटीत बसत नाही, असं कंपनीकडून कळलं. शेवटी बॅगा शिवणाऱ्या एका काकांनी रनर बदलून दिला. ६० रुपये घेतले.

त्या काकांच्या टपरीवर मी नंतर बऱ्याच वेळा बसलो. कुठली बॅग कुठं फाटते हे त्यांच्याइतकं जवळून कुणी बघत नाही. खाली लिहिलंय त्यातलं निम्मं त्यांच्याकडून शिकलेलं आहे.

माझं मत आधीच सांगतो. कोल्हापुरातून रोज ये-जा करणाऱ्या बहुतेकांना दोन हजारांच्या आतली, नीट पारखून घेतलेली बॅग पुरते. पण वापरायला काढण्याआधी ती कारागिराकडून पक्की करून घ्यायला हवी. ते करायची तयारी नसेल तर महागडी घेतलेली बरी. आणि ज्यांचा रस्ता लांबचा, ओझं जास्त, त्यांनी तर महागडीच बघावी.

पायरी १: बॅग नंतर, आधी तुमचा रस्ता

दुकानात जायच्या आधी एक कागद घ्या आणि घरापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत बॅग कुठं कुठं असते ते लिहा. पाठीवर किती मिनिटं, मांडीवर किती, जमिनीवर कुठं टेकते, पावसात किती वेळ उघडी असते. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण निम्मा निर्णय इथंच होतो.

दुचाकीवाल्यांची बॅग सगळ्यात जास्त सोसते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या तिन्ही औद्योगिक वसाहतींकडं जाणारे आपण बहुतेक महामार्गावरून जातो. तिथं समोरून वारा असतो, बाजूनं ट्रक गेला की चिखलपाण्याचा फवारा येतो. मागच्या चाकाचं पाणी बॅगेच्या तळावर उडतं. त्यात अनेक जण पट्टे सैल करून बॅग मागच्या सीटवर टेकवतात. खांद्यांना त्यानं खरंच आराम मिळतो, मीही तेच करतो. पण मग प्रत्येक खड्ड्याचा दणका सीटमधून सरळ बॅगेच्या तळाला आणि तिथून लॅपटॉपच्या कोपऱ्याला बसतो. म्हणून दुचाकीवाल्यानं पट्ट्यापेक्षाही आधी तळ बघावा. लॅपटॉपचा कप्पा बॅगेच्या तळापासून दोन-तीन सेंटीमीटर वर अधांतरी शिवलेला असेल तर तो दणका लॅपटॉपपर्यंत पोचत नाही.

स्कूटरवर पायांशी बॅग ठेवणाऱ्यांनी पावसाळ्यात ती सवय सोडावी. पुढच्या चाकाचं पाणी आणि बुटांचा चिखल थेट तळाला लागतो.

एसटीचा प्रवास वेगळा. इचलकरंजी, सांगली, निपाणी या मार्गांवर सकाळी उभं राहून जायची तयारी ठेवावीच लागते. मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर माझ्या भाचीच्या वेळेच्या गाडीला बसायला जागा मिळणं म्हणजे नशीब. गर्दीत बॅग पाठीवरून काढून छातीशी घ्यावी लागते. त्यामुळं तिथं बॅगेची जाडी महत्त्वाची. भरल्यावर १८-२० सेंटीमीटरपेक्षा जास्त फुगणारी बॅग पुढच्याच्या पाठीत रुतते आणि सीट मिळाली तरी मांडीवर मावत नाही. वरची मूठ मजबूत हवी, कारण रॅकवर टाकताना आणि काढताना सगळा भार तिच्यावरच येतो. एसटीच्या ओल्या फरशीवर बॅग ठेवावीच लागली तर तळ कापडी नसावा.

केएमटीनं (शहर बसनं) शिवाजी विद्यापीठ किंवा राजारामपुरीपर्यंत जाणारे आणि मिरजेच्या पॅसेंजरवाले यांच्या बॅगेला त्यामानानं कमी त्रास होतो. ऑफिसच्या पार्किंगपर्यंत चारचाकीनं जाणाऱ्यांनी पुढचं फार वाचायचीही गरज नाही. बॅग दिवसात दहा मिनिटं खांद्यावर असेल तर हजार-बाराशेच्या वर खर्च करू नका.

पायरी २: वजन करा, अंदाज नको

घरात वजनकाटा असेल तर त्यावर, नाहीतर ओळखीच्या किराणा दुकानात, तुमचं रोजचं सामान एकदा तोलून बघा. भाचीच्या सामानाचं आम्ही केलं. लॅपटॉप १ किलो ८०० ग्रॅम, चार्जर ३५० ग्रॅम, तीन पुडांचा स्टीलचा डबा भरून १ किलो, लिटरची स्टीलची बाटली भरून १ किलो ३०० ग्रॅम, रेनकोट ७०० ग्रॅम, वही-पाकीट-छत्री मिळून अर्धा किलो. साडेपाच किलोच्या वर गेलं, आणि त्यात रिकाम्या बॅगेचं वजन अजून धरलेलं नाही.

शाळेच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या २०२० च्या स्कूल बॅग धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत असावं असं म्हटलंय. ते मुलांसाठी असलं तरी रोज उभं राहून प्रवास करणाऱ्या मोठ्या माणसालाही डोळ्यांसमोर ठेवायला हा आकडा चांगला आहे. ५५ किलोच्या माणसाला साडेपाच किलो.

गंमत अशी की महागडी बॅग बऱ्याचदा जड असते. साधी बॅग रिकामी ६००-७०० ग्रॅम भरते. जाड कापड, भरपूर फोम, डझनभर कप्पे असलेली महागडी सव्वा किलोपर्यंत जाते. म्हणजे सात हजार देऊन आपण पाठीवर अर्धा किलो वाढवून घेतो. चांगल्या पट्ट्यांमुळं ते जाणवत नाही हे खरं, पण पट्टे चांगले नसतील तर नुसतंच ओझं. बॅगेच्या माहितीत लिटरआधी वजन शोधा. लिटरचं सांगायचं तर लॅपटॉप, डबा, रेनकोट यांना २२ ते २५ लिटर पुरतात. ३५ लिटरची घेतली की रिकामी जागा भरायला आपणच सामान शोधत बसतो.

लॅपटॉपही पट्टीनं मोजा. १५.६ इंच हे स्क्रीनचं तिरपं माप आहे, बॅगेच्या कप्प्याला लागतं ते लॅपटॉपच्या अंगाचं माप, साधारण ३६ बाय २४ सेंटीमीटर. हल्लीचे १६ इंची लॅपटॉप रुंदीला तेवढेच पण उंचीला जास्त असतात, त्यामुळं '१५.६ साठी' लिहिलेल्या कप्प्यात ते वरून अडतात आणि चेन ओढून ओढून लावावी लागते. चेन मरण्याचं ते एक मोठं कारण.

पायरी ३: जादा पैसे नेमके कशात असतात

भाचीच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे.

कापडापासून सुरुवात करू. बॅगेच्या चिठ्ठीवर ६००डी, ९००डी, १६८०डी असं लिहिलेलं असतं. हा डी म्हणजे डेनियर. इचलकरंजीच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनियर. म्हणजे आकडा मोठा तर धागा जाड. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, कारण धागा कशाचा आहे हेही बघावं लागतं. तेवढ्याच डेनियरचं नायलॉन पॉलिस्टरपेक्षा घासायला जास्त चिवट असतं. पॉलिस्टर उन्हाला जास्त टिकतं आणि स्वस्त पडतं. साध्या बॅगा बहुतेक ६००डी पॉलिस्टरच्या असतात, महागड्यांत जाड नायलॉन मिळतं. माझा अनुभव असा की कोल्हापुरात ये-जा करताना ६००डी कापड मधोमध फाटत नाही. फाटतं ते शिलाईच्या कडेला आणि तळाच्या कोपऱ्यांना. त्यामुळं नुसत्या कापडासाठी पाच हजार जादा द्यावेत असं मला वाटत नाही. फक्त ३००डी किंवा त्याहून पातळ, हातात घेतल्यावर सळसळणारं कापड टाळा.

चेन ही मात्र पैसे घालण्यासारखी जागा आहे. चेनवरचा क्रमांक (५, ८, १०) बंद चेनची दातांची रुंदी साधारण किती मिलिमीटर आहे ते सांगतो. रनरच्या पाठीवर तो कोरलेला असतो. मुख्य कप्प्याला निदान ८ ची चेन हवी, पुढच्या खिशाला ५ ची चालते. तीस-चाळीस रुपये वाचवायला मुख्य कप्प्यालाही ५ ची चेन लावलेल्या बॅगा भरपूर आहेत, आणि त्याच सगळ्यात आधी टपरीवर येतात. जपानच्या वायकेके कंपनीची चेन असेल तर उत्तम, पण ते नाव फक्त पुढच्या दिसणाऱ्या रनरवर आहे की सगळ्या रनरवर, हे बघा.

आपल्याकडं चेनला आणखी एक शत्रू आहे. कोल्हापूर हे फौंड्रीचं, म्हणजे वाळूच्या साच्यांत धातू ओतणाऱ्या कारखान्यांचं गाव. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम करणाऱ्यांच्या बॅगेत वाळूची बारीक धूळ जातेच. ती रनरच्या आत बसते आणि प्रत्येक ओढीला त्याचा धातू आतून घासते. रनरची फट रुंदावते, मग तो दातांना नीट दाबत नाही आणि चेन लावली तरी मागून उघडते. लोकांना वाटतं चेन गेली, बॅग टाका. बहुतेक वेळा दात शाबूत असतात, गेलेला असतो तो रनर. माझ्या साडेसहा हजारांच्या बॅगेचं हेच झालं होतं. महागडी चेनही वाळूपुढं तीन वर्षंच टिकली. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशनं चेन झाडा आणि दातांवर मेणबत्ती घासा. तेल लावू नका, त्याला धूळ आणखी चिकटते.

मग पट्ट्याचं मूळ. पट्टा पाठीच्या वरच्या कडेला जिथं शिवलेला असतो तिथं सगळं वजन येतं, आणि खड्ड्यात ते क्षणभर कितीतरी पट होतं. चांगल्या बॅगेत पट्टा आतल्या एका जादा पट्टीवर शिवलेला असतो, वर चौकोन आणि त्यात फुली अशी टीप असते. साध्या बॅगेत तो कापडाच्या कडेत नुसता घालून एक सरळ टीप मारलेली असते. काकांच्या शब्दांत, "कापड लई भारी आसंल, पर टाका यकच आसंल तर काय उपेग?" महाग आणि स्वस्त यांतला सगळ्यात मोठा खरा फरक मला इथंच दिसला.

पट्ट्यातला फोमही बघा. अंगठ्यानं जोरात दाबून सोडला की दाटसर चांगला फोम लगेच वर येतो. साधा हळूहळू येतो आणि सहा महिन्यांत कागदासारखा चपटा होतो, मग निवार पट्टी खांद्यात रुतते. सहा-सात किलो रोज नेणाऱ्याला हा फरक दुसऱ्याच आठवड्यात कळतो. छातीवरची आडवी पट्टी दुचाकीवाल्यांना फार उपयोगी आहे, वाऱ्यानं पट्टे खांद्यावरून सरकत नाहीत.

बाहेर यूएसबीचं भोक असलेली बॅग घेऊ नका. पावसात ते पाणी आत जायचं दार होतं आणि वायर दोन महिन्यांत निकामी होते. नंबरचं कुलूप, लपवलेले खिसे यांनाही मी पैसे देणार नाही. पाठीला जाळी आणि हवेसाठी खाचा असल्या तर एप्रिल-मेमध्ये शर्ट थोडा कमी भिजतो, एवढंच.

पायरी ४: पाऊस

कोल्हापूरचा पाऊस एका तासात कोसळून थांबणारा नाही. जुलैत तो वाऱ्यासकट दिवसचे दिवस बारीक लागून राहतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकली, तरी कंपनी सुरू असते आणि आपण रस्त्यावर असतो. या पावसाला 'वॉटर रेझिस्टंट' हा शब्द पुरत नाही. त्याचा अर्थ एवढाच की कापडावर पडलेला थेंब थोडा वेळ घरंगळतो.

पाणी कापडातून क्वचित येतं. ते येतं चेनच्या दातांतून आणि शिलाईच्या भोकांतून. सात हजारांच्या बॅगेलाही शिलाईची भोकं असतातच. शिवण आतून टेप लावून बंद केलेली किंवा तोंड गुंडाळून बंद करायची बॅग असेल तरच ती खऱ्या अर्थानं पाणी रोखते, आणि तशा बॅगा वापरायला गैरसोयीच्या असतात.

रेनकव्हर लावलं की झालं, असं मलाही वाटायचं. पण कव्हर बॅगेची फक्त बाहेरची बाजू झाकतं. पाठीकडची बाजू उघडी असते. हेल्मेटवरून, मानेवरून आलेलं पाणी रेनकोट आणि बॅग यांच्यामधून खाली उतरतं आणि बरोबर पाठीच्या फोममध्ये मुरतं. लॅपटॉपचा कप्पा बहुतेक बॅगांत पाठीलाच लागून असतो. आपल्याकडं भातलावणीत वापरायचं इरलं आठवा. ते डोक्यापासून कमरेपर्यंत एकसलग असतं, मधे फट नसते, म्हणून पाठ कोरडी राहते. बॅगेला अशी फट नसलेली व्यवस्था हवी असेल तर ती बॅगेच्या आत करावी लागते.

मी करतो ते असं. लॅपटॉप आधी त्याच्या कापडी कव्हरात, आणि मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी लॅपटॉपपेक्षा एक वीत लांब हवी, म्हणजे तोंड दोन-तीन घड्या घालून खाली दाबता येतं. खताच्या पोत्याच्या आत असते तसली जाड पिशवी चालते, पण ती नवी, कोरी घ्या. तोंड गुंडाळायच्या तयार पिशव्या ट्रेकिंगच्या सामानात मिळतात, त्या जास्त टिकतात. चार्जरला वेगळी पिशवी. हे केलं की बॅग तेराशेची असो की सात हजारांची, आतला लॅपटॉप कोरडा राहतो. गेले पाच पावसाळे मी याच भरवशावर काढलेत.

एक काळजी घ्या. पिशवीत घालण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद करा, नुसतं झाकण लावू नका. अर्धवट झोपेतला लॅपटॉप कधीकधी आतल्या आत जागा होतो आणि बंद पिशवीत तापतो.

बाहेरून रेनकव्हर असावंच, चिखल तरी वाचतो. पण त्याला आवळायची नाडी आणि मधून एक बक्कल आहे का बघा. नुसत्या इलॅस्टिकचं कव्हर महामार्गावर वाऱ्यानं उडून जातं. भडक पिवळं किंवा केशरी घ्या, संध्याकाळच्या पावसात मागच्या गाडीला तुम्ही दिसणं जास्त महत्त्वाचं.

पायरी ५: दुकानात काय करायचं

महाद्वार रोड, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, कुठंही जा, पण रिकाम्या हातानं जाऊ नका. लॅपटॉप, भरलेला डबा आणि भरलेली बाटली एका पिशवीत घालून न्या. दुकानदाराला सांगून सगळं बॅगेत भरा आणि दहा-पंधरा मिनिटं पाठीवर घेऊन दुकानातच फिरा, बाकीच्या बॅगा बघत. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

मग भरलेली बॅग खाली ठेवा. ती आपोआप कोलमडते की उभी राहते? बाटलीचा खिसा भरलेला असताना मुख्य कप्पा उघडतो का? चेन एका हातानं कोपऱ्यावरून दहा वेळा फिरवा. कोपऱ्यावर अडकली तर ती बॅग सोडा, तो अडथळा वाढत जातो. बॅग मुठीनं उचलून दोन-तीनदा हलका झटका द्या आणि पट्ट्याच्या मुळाशी टाके ताणून मधे उजेड दिसतो का बघा.

यानंतर ती रिकामी करून आतून उलटी करा. लोक हे करत नाहीत, आणि सगळी खरी माहिती तिथंच असते. कापलेल्या कडांवर पट्टी शिवून त्या झाकल्यात का? सुटे दोरे लोंबतायत का? एका इंचात आठ-दहा टाके असावेत, चार-पाचच असतील तर घाईचं काम आहे. अस्तर इतकं ताणून शिवलेलं नको की हात घातला तरी खेचलं जावं. नाकालाही विचारा, रॉकेलसारखा उग्र वास येत असेल तर आतलं कोटिंग हलकं असण्याची शक्यता जास्त.

ऑनलाईन घेणार असाल तर परत करायची मुदत बघून घ्या आणि हेच सगळं घरी करा, चिठ्ठी न तोडता. एक-दोन तारे देणाऱ्यांचे अभिप्राय वाचा, पण निदान सहा महिने वापरून लिहिलेलेच. रस्त्यावर सातशेला मिळणाऱ्या मोठ्या नावाच्या बॅगा मात्र घेऊ नका. त्यांत नावाव्यतिरिक्त काही नसतं, आणि त्याच पैशात बिननावाची चांगली शिवलेली बॅग मिळते.

पायरी ६: हिशोब

महिन्याचे २५ दिवस धरून मी भाचीला वहीवर मांडून दाखवलं.

तेराशेची बॅग घेतली, काहीच केलं नाही आणि माझ्यासारखी अकराव्या महिन्यात गेली, तर २७५ दिवस वापर. दिवसाला ४ रुपये ७३ पैसे. सात हजारांची पाच वर्षं टिकली, तर १५०० दिवस. दिवसाला ४ रुपये ६७ पैसे. म्हणजे जवळपास तेवढंच! "महाग ते स्वस्त पडतं" म्हणणारे इथं बरोबर आहेत.

आता तीच तेराशेची बॅग ३०० रुपये खर्चून पक्की केली आणि दोन वर्षं चालली, तर १६०० रुपयांत ६०० दिवस. दिवसाला २ रुपये ६७ पैसे. सात हजारांच्या बॅगेला हा दर गाठायचा तर पावणेनऊ वर्षं चालायला हवं. कापड आणि शिलाई तेवढी टिकेलही, पण आतलं पॉलियुरेथेनचं (एका प्लास्टिकचं) कोटिंग आपल्या दमट हवेत टिकत नाही. पाण्याच्या अंशानं ते हळूहळू तुटत जातं, चिकट होतं आणि सुटतं. बॅग ओली बंद करून ठेवली तर आणखी लवकर. किंमत कितीही असली तरी हे चुकत नाही.

वॉरंटीबद्दल एवढंच, ती बहुतेक वेळा कारखान्यातल्या दोषापुरती असते. रोजच्या वापरानं झिजलेल्या गोष्टी त्यात येत नाहीत. घेण्याआधी वॉरंटीचा कागद पूर्ण वाचा आणि दुरुस्ती कोल्हापुरात होते की बॅग बाहेरगावी पाठवावी लागते ते विचारा. पंधरा दिवस बॅगेशिवाय काय करणार, हा प्रश्न तेव्हाच सुटलेला बरा.

पायरी ७: नवी बॅग घेऊन थेट कारागिराकडं

चामडं आणि दोरा ओळखणारे हात या गावात पिढ्यान् पिढ्या आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांमुळं. बॅगेच्या कामाला मात्र शिवणयंत्र जड हवं, घरगुती किंवा कपडे शिवायचं नको. चेन, सॅक, गाडीची सीट कव्हरं शिवणाऱ्यांकडं ते असतं. त्यांच्याकडून एवढं करून घ्या.

पट्ट्यांच्या मुळाशी आतून निवार पट्टीचा रुंद तुकडा लावून चौकोन-फुलीची टीप, नायलॉनच्या दोऱ्यानं. वरच्या मुठीलाही तसंच. हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी काही नाही केलं तरी हे करा. तळाच्या दोन कोपऱ्यांना बाहेरून जाड रेक्झिनचे तुकडे. मुख्य चेनच्या दोन्ही टोकांना आडवे टाके, म्हणजे रनर निसटत नाही. मागच्या बाजूला चमकणाऱ्या टेपची एक पट्टी.

लॅपटॉपचा कप्पा तळाला टेकत असेल तर तो खोल आहे का बघा. खोल असेल तर तळापासून तीन सेंटीमीटरवर आडवी टीप मारून वर उचलता येतो. नसेल तर जुन्या योगा मॅटचे कप्प्याच्या मापाचे दोन थर कापून खाली टाका. माझ्या बॅगेत तेच आहेत.

बाहेरून शिलाई केली की कंपनीची वॉरंटी धरू नका, म्हणून हे काम साध्या बॅगेवरच करावं. सात हजारांच्या बॅगेला निदान वॉरंटी संपेपर्यंत सुई लावू नये.

ओली झालेली बॅग घरी आल्याबरोबर पूर्ण रिकामी करा, सगळ्या चेन उघडा, आत वर्तमानपत्राचे बोळे घाला आणि पंख्याखाली उलटी टांगा. कडक उन्हात किंवा चुलीजवळ नको. वॉशिंग मशीनमध्ये तर अजिबातच नको. जुलै-ऑगस्टमध्ये एका रात्रीचा आळस केला तरी पाठीच्या फोमला बुरशीचा वास धरतो, आणि तो जाता जात नाही.

मग कुणी काय घ्यावं

रोज दुचाकीवर ३० किलोमीटरच्या वर जाणारे, सात किलोपेक्षा जास्त वाहणारे, किंवा मानेचं-पाठीचं दुखणं असणारे यांनी महागडी घ्यावी. त्यांना पट्ट्याचा दाट फोम, अधांतरी कप्पा आणि छातीची पट्टी यांचा फायदा रोज मिळतो, आणि दुखऱ्या पाठीचा हिशोब दिवसाच्या रुपयांत बसत नाही. जड गेमिंग लॅपटॉप नेणाऱ्यांनाही हेच सांगेन. वर्षातून एकदा सवलत लागते तेव्हा याच बॅगा चार-साडेचार हजारांत येतात, तोवर जुनी शिवून चालवा.

बाकीच्यांनी, म्हणजे एसटी, केएमटी, रेल्वेवाले आणि शहरातल्या शहरात दुचाकी चालवणारे, दीड-दोन हजारांच्या आत थांबावं. उरलेल्या पैशातले तीनशे कारागिराला आणि चारशे पाण्यापासून वाचवणाऱ्या चांगल्या पिशवीला द्यावेत.

भाचीनं शेवटी फोटोतली तेराशेची घेतली नाही. तिची मुख्य चेन ५ ची निघाली. लक्ष्मीपुरीत आतून उलटी करून बघितलेल्या चौथ्या बॅगेची चेन ८ ची होती, कडा झाकलेल्या होत्या, भरल्यावर ती १७ सेंटीमीटर फुगत होती. सोळाशे पन्नासला मिळाली. स्टीलच्या लिटरच्या बाटलीऐवजी तिनं पाऊण लिटरची हलकी बाटली घेतली, ऑफिसात पाणी मिळतंच. सगळं धरून सहा किलोच्या आत बसलं.

तिथून आम्ही सरळ काकांच्या टपरीवर गेलो. त्यांनी बॅग हातात घेतली, आत हात घालून पट्ट्याचं मूळ चाचपलं आणि भाचीला म्हणाले, "पोरी, उद्या संध्याकाळी ये. आणि डबा कुठल्या कप्प्यात ठेवतीस ते सांगून जा, तिथलं बुड जाड करतो."